पिसे : प्लेटोच्या 'फीड्रस'मधील प्रेम, वक्तृत्व आणि वेड

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात प्लेटो येतो तो बहुधा आरोपी म्हणून. पाश्चात्त्य साहित्यशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात तो कवींना आपल्या आदर्श नगरातून हद्दपार करतो, दुसऱ्या प्रकरणात ॲरिस्टॉटल अनुकृती आणि विरेचन यांच्या आधारे कवींचे वकीलपत्र घेतो, आणि तिथून पुढे प्लेटोचे नाव फारसे निघत नाही. परीक्षेच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची आहे. मात्र ज्या लेखकाने 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात कवितेवर खटला भरला, त्यानेच 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून असे म्हणवून घेतले आहे की, काव्यदेवतांच्या वेडाचा स्पर्श न होता केवळ कारागिरीच्या भरवशावर जो काव्याच्या दाराशी येतो, त्याची शहाणी कविता वेड्यांच्या कवितेपुढे निष्प्रभ ठरते. पाठ्यपुस्तकातल्या प्लेटोशी हे विधान जुळत नाही. म्हणूनच या संवादाकडे पुन्हा वळणे आम्हांला अगत्याचे वाटते.

'फीड्रस' इ.स.पू. ३७०च्या सुमारास लिहिला गेला असावा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. प्राचीन काळी काहींनी त्याला प्लेटोचा पहिलाच संवाद ठरवले होते. विषयात तारुण्याचा उतावळेपणा दिसतो, एवढाच त्यांचा पुरावा. १८०४ साली श्लायरमाखरनेही आपल्या जर्मन भाषांतरात त्याला प्रथम स्थान दिले. पुढे शैलीच्या बारकाईने केलेल्या तुलनेतून हे मत मागे पडले, आणि जे लेखन तरुणाचे वाटले होते ते पन्नाशी उलटलेल्या माणसाचे निघाले. आम्हांला यात आश्चर्य वाटत नाही. वेडाची इतकी शांत चिकित्सा तरुण माणसाला सहसा जमत नाही.

या संवादाविषयीचा दुसरा जुना वाद त्याच्या विषयाचा. पूर्वार्धात प्रेमावरची तीन भाषणे आहेत. उत्तरार्धात वक्तृत्वकलेची, आणि शेवटी लेखनाची, तुलनेने कोरडी चर्चा आहे. मग संवाद आहे तरी कशावर? इ.स.च्या पाचव्या शतकातील हर्मायस या टीकाकाराने या प्रश्नावर तोवर झालेला खल नोंदवला आहे. कोणी प्रेम म्हणतो, कोणी वक्तृत्व, कोणी आत्मा. आयाम्ब्लिकसचे मत असे की विषय सर्व प्रकारचे सौंदर्य हा आहे. गंमत अशी की, भाषण हे सजीव प्राण्यासारखे असावे, त्याला डोके, धड आणि पाय असावेत व ते परस्परांना साजेसे असावेत, हा सिद्धान्त याच संवादातला. ज्या ग्रंथाने जगाला रचनेच्या एकसंधतेची कल्पना दिली, त्याच्याच एकसंधतेविषयी दोन हजार वर्षे शंका घेतली जात आहे. आजही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पूर्वार्ध घेतात, साहित्याचे उत्तरार्ध घेतात, आणि प्राण्याची अशी वाटणी होऊन जाते. आमच्या वाचनानुसार दोन्ही अर्धांत एकच प्रश्न उभा आहे: जो माणूस दुसऱ्याच्या मनाला शब्दांनी वळवू पाहतो, त्याला त्या दुसऱ्याचे काय पडलेले असते?

प्रसंग साधा आहे. उन्हाळ्याची दुपार, अथेन्सच्या तटाबाहेरची इलिसस नदी. सकाळभर एका भाषणकाराकडे बसून आलेला फीड्रस पाय मोकळे करायला निघाला आहे आणि वाटेत त्याला सॉक्रेटिस भेटतो. दोघे अनवाणी आहेत, पाण्यातून चालत जातात. एक मोठे चिनारासारखे झाड, शेजारी आपल्या निर्गुंडीच्या कुळातले फुललेले झुडूप, थंड झरा, हिरवळ, आणि झाडावर किरकिरणारे सिकाडा किडे. शहर सोडून बाहेर न पडणारा सॉक्रेटिस या जागेचे असे वर्णन करतो की फीड्रसला तो गावात नव्याने आलेला पाहुणा वाटावा. त्याला बाहेर काढले आहे ते निसर्गाने नव्हे. फीड्रसच्या अंगवस्त्राखाली एक गुंडाळी दडलेली आहे, आणि तीत लिसिअसचे भाषण आहे. भुकेल्या गुरापुढे चारा धरावा तसे या भाषणाने आपल्याला इथवर आणले, हे सॉक्रेटिस स्वतःच हसत कबूल करतो.

ही दुपार कोणत्या वर्षातली, हे मात्र सांगता येत नाही. लिसिअस दक्षिण इटलीतील थुरिओईहून अथेन्सला परतला तो परंपरेनुसार इ.स.पू. ४१२च्या सुमारास. फीड्रसवर ४१५ साली एल्युसिसच्या गुप्त विधींची विटंबना केल्याचा आरोप आला. तो परागंदा झाला, त्याची मालमत्ता जप्त झाली. संवादात जिवंत असलेल्या लिसिअसच्या भावाला, पोलेमार्कसला, ४०४ साली ठार मारण्यात आले. या तारखा एकत्र ठेवल्या की तिघेही ज्यात बसतील असे सोयीचे वर्ष उरत नाही. काही अभ्यासक तारखा पुढेमागे करून जागा काढतात. आम्हांला वाटते, प्लेटोने मुद्दामच सगळ्या अरिष्टांच्या अलीकडची एक दुपार कल्पिली आहे. त्याच्या वाचकांना पुढचे ठाऊक होते. ज्याच्यावर गुप्त विधींच्या विटंबनेचा ठपका येणार त्याच्याच समोर सॉक्रेटिस सौंदर्यदर्शनाचे वर्णन त्या विधींच्या भाषेत करतो, आणि सॉक्रेटिस स्वतः ३९९ साली अधार्मिकतेच्या आरोपावरून विष पिणार असतो. हे लक्षात ठेवून वाचले तर झाडाखालच्या गप्पांना वेगळाच गंभीर सूर येतो.

आता लिसिअसचे भाषण. ते खरोखर त्याचे की प्लेटोने त्याच्या थाटात रचलेले, हा वाद मिटलेला नाही. भाषणाचा पवित्रा अफलातून आहे: एक पुरुष एका तरुणाला सांगतो की, तू प्रेम करणाऱ्याला जवळ करू नकोस, प्रेम न करणाऱ्या मला कर. इथे संदर्भ स्पष्ट सांगणे भाग आहे. अभिजनवर्गातील प्रौढ पुरुष आणि त्याच्याहून बराच लहान तरुण यांच्यातील प्रेमसंबंध ही अथेन्समधली रूढ, पण कडक संकेतांनी बांधलेली गोष्ट होती. केनेथ डोव्हर यांच्या १९७८च्या ग्रंथानंतर तिच्याविषयी आडपडद्याने लिहिण्याचे कारण उरलेले नाही. त्या नात्यात वयाची आणि अधिकाराची जी विषमता होती, ती आजच्या नीतिविचाराला मान्य होणारी नाही. तिचे समर्थन करण्याची गरज नाही, आणि भाषांतरात 'प्रियकर-प्रेयसी' असे शब्द घालून ती झाकण्याचीही नाही. उलट ही विषमता ध्यानात ठेवली तरच संवादातला प्रश्न नीट कळतो, कारण ज्याच्याशी बोलले जात आहे तो कमकुवत बाजूला आहे, आणि बोलणारा त्याच्याकडून काही मागतो आहे.

लिसिअसचा वक्ता मागतो ते हिशेबाने. प्रेमी माणूस आजारी असतो, त्याचे भान सुटलेले असते, हे तो स्वतःच मान्य करतो. मग त्याचे आश्वासन कितपत धरायचे? प्रेम ओसरले की त्याला केलेल्या उपकारांचा पश्चात्ताप होतो. तो मत्सरी असतो, तो बोभाटा करतो. प्रेम न करणारा मात्र शुद्धीवर असतो. देणेघेणे चोख ठेवतो, गुपित सांभाळतो. शिवाय प्रेमी मोजके, प्रेम न करणारे पुष्कळ. निवड मोठ्या संख्येतून केलेली बरी. भाषणात एकही उसासा नाही. मुद्द्यामागून मुद्दा येतो, 'शिवाय' आणि 'आणखी असे की' यांनी जोडलेला, जणू वस्तूची हमी देणारे पत्रक. फीड्रसला ते निरुत्तर करणारे वाटते. आम्हांलाही या संवादातले सर्वांत आधुनिक भाषण हेच वाटते. भावनेवर विश्वास ठेवू नका, करारावर ठेवा, हा उपदेश आपल्या ओळखीचा आहे.

या सुरामागे लिसिअसचा व्यवसाय आहे. अथेन्सच्या न्यायालयात वकील नसत. पक्षकाराने स्वतः उभे राहून शेकडो ज्यूरींपुढे, पाण्याच्या घड्याळात पाणी असेपर्यंत बोलायचे. ज्याला ते जमत नसे तो पैसे देऊन भाषण लिहून घेई आणि पाठ करून म्हणे. लिसिअस हा या धंद्यातला अव्वल माणूस. त्याची खासियत अशी की भाषण ज्याच्या तोंडी असे त्याच्या स्वभावाला ते बेमालूम शोभे. तो स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता. त्याचा बाप केफालस सिराक्यूसहून येऊन स्थायिक झालेला. ज्याला नागरी सभेत बोलण्याचा हक्क नाही तो इतरांना बोलणे पुरवतो, हे त्या नगरीचे एक विपरीत चित्र होते. सॉक्रेटिसच्या खटल्याच्या वेळीही लिसिअसने त्याच्यासाठी बचावाचे भाषण लिहून दिले आणि सॉक्रेटिसने ते नाकारले, अशी कथा सिसेरो आणि डायोजिनीस लएर्शिअस या दोघांनी सांगितली आहे.

फीड्रसच्या आग्रहाखातर सॉक्रेटिस याच विषयावर आपले भाषण करतो, पण डोके वस्त्राने झाकून. लाज वाटू नये म्हणून, असे तो म्हणतो. त्याचे भाषण लिसिअसहून सुरचित आहे: आधी प्रेमाची व्याख्या, मग तीतून निष्पन्न होणारे तोटे. शिवाय त्याचा वक्ता हा छुपा प्रेमिकच आहे, प्रेम नसल्याचे सोंग करणारा. एवढ्या एका सूचनेने लिसिअसच्या सगळ्या हिशेबी सभ्यतेवर शंकेची सावली पडते. मध्येच सॉक्रेटिस थांबतो. प्रेम न करणाऱ्याची स्तुती करण्याचा दुसरा भाग तो म्हणतच नाही. नदी ओलांडून परत निघणार तोच त्याचा नेहमीचा आतला संकेत त्याला अडवतो. एरॉस हा देव. देवाची निंदा झाली, आता प्रायश्चित्त हवे.

प्रायश्चित्ताचा मार्ग तो कवीकडून घेतो. स्टेसिकोरसने हेलनची निंदा केली आणि त्याची दृष्टी गेली. त्याने आपले बोल मागे घेणारे गीत रचले आणि दृष्टी परत आली, अशी ती आख्यायिका. सॉक्रेटिस अंधत्व येण्यापूर्वीच बोल मागे घेणार आहे, आणि या वेळी उघड्या डोक्याने. हेलनचे नाव इथे उगाच आलेले नाही. इ.स.पू. ४२७ साली लिओन्तिनीचा दूत म्हणून अथेन्सला आलेल्या गॉर्गिअसने हेलनच्या बचावाचे एक प्रसिद्ध भाषण रचले होते. देवांच्या इच्छेने, बळजबरीने, शब्दांच्या प्रभावाने वा प्रेमाच्या ओढीने, कशानेही हेलन गेली असो, ती निर्दोषच; कारण यांपैकी कशापुढेच माणसाचे चालत नाही. औषधाचा शरीरावर जो परिणाम तोच शब्दाचा मनावर, असे तो तिथे म्हणतो. म्हणजे प्रेम आणि वक्तृत्व या दोघांना एकाच पंक्तीत बसवण्याचे काम प्लेटोच्या आधीच झाले होते. गॉर्गिअसने शेवटी या सगळ्याला आपला खेळ म्हटले. प्लेटोने तो खेळ गंभीरपणे घेतला: शब्द जर औषध असेल, तर वैद्य कोण आणि त्याला रोग्याची काय माहिती आहे?

सॉक्रेटिसचे दुसरे भाषण वेडापासून सुरू होते. लिसिअसचा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे: वेड वाईट, शहाणपण चांगले. सॉक्रेटिस हे गृहीतच काढून घेतो. देवाच्या देणगीने येणारे वेड माणसाला मोठ्यात मोठे लाभ देते. ई. आर. डॉड्स यांनी १९५१च्या आपल्या ग्रंथात या विधानावर एक प्रकरणच लिहिले, आणि देवाच्या देणगीची अट विसरू नये असेही बजावले. सगळे वेड दैवी नसते. रोगातून येणारे वेडही सॉक्रेटिसला ठाऊक आहे. दैवी वेडाचे चार प्रकार तो सांगतो. डेल्फाय आणि डोडोनाच्या पुजारिणींचे भविष्यकथनाचे वेड अपोलोचे. पिढ्यान्‌पिढ्या कुळाच्या मागे लागलेल्या पीडांतून सोडवणारे विधींचे वेड डायोनायससचे. कवींचे वेड काव्यदेवतांचे. आणि चौथे, सर्वश्रेष्ठ, अफ्रोडायटी व एरॉस यांचे.

मूळ ग्रीक शब्द 'मॅनिया'. मराठीत त्यासाठी कोणता शब्द घ्यावा, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. 'उन्माद' शास्त्रीय आहे; भरताच्या तेहेतीस व्यभिचारी भावांत तो आहे आणि विरहाच्या दशांतही, पण त्याला दवाखान्याचा वास येतो. 'वेड' रोजचे आणि प्रेमळ. तिसरा शब्द आहे संतांनी लाडका केलेला 'पिसे'. आणि इथे मराठीने प्लेटोला एक अनपेक्षित भेट दिली आहे. 'पिसे' म्हणजे वेड आणि 'पिसे' म्हणजे पक्ष्याची पिसेही. दुसऱ्या भाषणाचा सगळा भर नेमका याच जोडीवर आहे: प्रेमाचे पिसे लागलेल्याच्या आत्म्याला पिसे फुटू लागतात. प्लेटोने स्वतः 'एरॉस' आणि पंख या अर्थाचा ग्रीक शब्द यांवर कोटी केली आहे, ती कोणत्याही भाषांतरात तळटीप मागते. मराठीत दुसरीच एक कोटी आयती हाती येते. योगायोगच तो, पण भाषांतरकाराने असे योगायोग सोडू नयेत.

पिसे फुटण्याचे हे वर्णन नाजूक वा सुगंधी नाही. आत्म्याला पूर्वी पंख होते. देहात पडताना ते झडले, मुळे आत राहिली. सुंदर माणूस दिसला की मूळ सौंदर्याची आठवण होते, अंगात ऊब भरते, घट्ट झालेली छिद्रे सैल होतात आणि पंखांचे कोंब वर येऊ लागतात. दात येताना मुलाच्या हिरड्या शिवशिवाव्यात तशी कासाविशी. माणूस आई, भाऊ, मित्र विसरतो, मालमत्तेकडे बघत नाही, प्रिय व्यक्तीच्या दाराशी गुलामासारखा झोपायला तयार होतो. म्हणजे लिसिअसने प्रेमिकाविरुद्ध जे जे पुरावे दिले होते, त्यांतले बरेच सॉक्रेटिस मान्य करतो. तो एकच करतो: त्या लक्षणांचे निदान बदलतो.

याच भाषणात तो प्रसिद्ध रथ येतो. एक सारथी, दोन घोडे. एक पांढरा, कुलीन, शब्दाने वळणारा, दुसरा काळा, अडदांड, चाबकालाही न जुमानणारा. मराठी वाचकाला कठोपनिषद आठवणे अपरिहार्य आहे, आणि दोन्ही रथ सारखेच म्हणून मोकळे होण्याचा मोहही. फरक पाहण्यासारखा आहे. कठोपनिषदात आत्मा रथी आहे, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. आत बसलेला रथी या सगळ्यांहून वेगळा. प्लेटोच्या रथात असा कोणी स्वस्थ बसलेला प्रवासी नाही. सारथी आणि दोन्ही घोडे मिळूनच आत्मा. काळा घोडा ही बाहेरून जोडलेली अडचण नाही, तोही आपणच. त्याचे वर्णन करताना प्लेटो त्याला चपट्या नाकाचा म्हणतो, आणि चपटे नाक ही सॉक्रेटिसची सर्वश्रुत खूण. हा विनोद असेल तर तो नुसता विनोद नाही.

काळ्या घोड्याचे काम नीट पाहावे. प्रिय व्यक्तीकडे पहिली धाव त्याची. पांढरा संकोचाने मागे राहतो. तो ओढत नेतो म्हणून सारथ्याला तो चेहरा जवळून दिसतो, आणि दिसताक्षणी सौंदर्याची ती पवित्र आठवण जागी होऊन सारथी भयाने मागे कोसळतो, लगाम इतके खेचतो की दोन्ही घोडे मागच्या पायांवर बसतात. असे पुन्हा पुन्हा घडते, शेवटी काळा नमतो. भाष्यकारांचे लक्ष बहुधा त्याच्या नमण्याकडे असते. आम्हांला त्याच्या ओढण्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. तो नसता तर पांढरा घोडा आणि सारथी सभ्यपणे दूर उभे राहिले असते आणि काहीच आठवले नसते. मार्था नसबॉम यांनी १९८६च्या आपल्या पुस्तकात 'फीड्रस' हा प्लेटोने स्वतःच्या आधीच्या मतांचा केलेला फेरविचार म्हणून वाचला, तो काही अंशी याच आधारावर: भावना आणि वासना या ज्ञानाच्या वाटेतल्या केवळ धोंडी नाहीत. त्यांचे सगळे म्हणणे आम्हांला पटत नाही. याच भाषणात सर्वोत्तम प्रेमिक शरीरसुखापासून दूर राहतात आणि काळ्या घोड्याच्या तोंडातून रक्त निघेपर्यंत लगाम खेचला जातो. हा काही वासनेचा सत्कार नव्हे. पण जे दोघे संयमात एखादे वेळी चुकतात त्यांनाही इथे अंधारात लोटलेले नाही. लिसिअसच्या हिशेबी स्नेहाला मात्र सॉक्रेटिस क्षमा करत नाही: तो आत्म्यात कंजूषपणा पेरतो आणि त्याला नऊ हजार वर्षे पृथ्वीभोवती आणि पृथ्वीखाली बुद्धिहीन गडगडत ठेवतो.

याच भाषणात आत्म्यांच्या नऊ जन्मांची उतरंडही आहे, आणि तिच्यात कवी सहाव्या क्रमांकावर आहे. भविष्यवेत्ता पाचव्या, सोफिस्ट आठव्या, जुलमी सत्ताधीश नवव्या. काही परिच्छेदांपूर्वी कवीच्या वेडाची थोरवी गाणारा लेखक त्याला वैद्याच्या आणि व्यापारउदीम करणाऱ्याच्या खाली बसवतो. पहिल्या जागेवर ज्ञानाचा, सौंदर्याचा प्रेमिक, काव्यदेवतांचा आणि एरॉसचा उपासक आहे. यातून आमचा निष्कर्ष असा की, प्लेटोला वेड हवे होते, पण नुसती वाहिनी होणारे नको होते. देवाचा शब्द मुखातून निघून जातो आणि मागे काही उरत नाही, हे 'आयन' या संवादातल्या काव्यगायकाचे दुःख. प्रेमिकाचे वेड त्याला आठवायला लावते. तेवढ्यापुरते ते वरचे.

भाषण संपते आणि अनेकांची निराशा होते, कारण पुढे वक्तृत्वाच्या व्याकरणाची चर्चा आहे. दोहोंच्या मध्ये सिकाडांची छोटी कथा आहे, तिच्यावरून आपण घाईने पुढे जातो. हे किडे पूर्वी माणसे होते. काव्यदेवता जन्मल्या, गाणे जगात आले, आणि गाण्याच्या नादात ही माणसे खाणेपिणे विसरून मरून गेली. आता ती वरून पाहतात आणि दुपारी कोण झोपतो, कोण बोलत राहतो, ते देवतांना कळवतात. वेडाने मेलेल्यांच्या देखरेखीखाली वक्तृत्वाची चर्चा व्हावी, ही योजना प्लेटोची आहे. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांची शिवण इथे आहे.

सॉक्रेटिसने वक्तृत्वाची केलेली व्याख्या म्हणजे शब्दांनी आत्म्यांना नेणे. ग्रीक शब्दाला भुताखेतांना बोलावण्याचीही छटा आहे. न्यायालयात असो वा घरातल्या खासगी बोलण्यात, नेणे एकच. मग नेणाऱ्याला वाट माहीत हवी. घोडा काय ते मला माहीत नाही, तुलाही नाही, आणि मी गाढवाची स्तुती करून ते तुला लढाईसाठी विकले तर हसू होईल. पण नगराला बऱ्यावाईटाचे ज्ञान नसताना वाईटालाच बरे म्हणून विकले तर कोणी हसत नाही. पाठोपाठ तो त्या काळच्या वक्तृत्वाच्या पाठ्यपुस्तकांचा समाचार घेतो: प्रस्तावना, कथन, साक्षी, पुरावे, संभाव्यता, बायझँटियमच्या थिओडोरसचे समर्थन आणि उपसमर्थन, टिसिअस, गॉर्गिअस, थ्रासिमेकस, प्रत्येकाची एकेक युक्ती. समजा, एखादा म्हणाला की शरीर तापवणारी, निववणारी, उलटी करवणारी औषधे मला माहीत आहेत, पण ती कोणाला, केव्हा, किती द्यायची ते मात्र माहीत नाही. त्याला वैद्य म्हणाल का? आणि छोट्या गोष्टीवर लांबलचक, करुण वा भयंकर भाषणे रचता येतात म्हणणाऱ्याला सोफोक्लीस आणि युरिपिडीस शोकात्मिकाकार मानतील का? अलंकारांची नावे, लक्षणे आणि उदाहरणे पाठ करून घेणाऱ्या आमच्या पेशाला हा उतारा झोंबला तर नवल नाही.

त्याची स्वतःची मागणी दुहेरी आहे. विखुरलेल्याला एका नजरेत आणणे, आणि मग सांध्यासांध्यावर कापणे, वाईट खाटकासारखे हाड न मोडता. याशिवाय ऐकणाऱ्याच्या आत्म्याची जात ओळखणे, कोणत्या मनाला कोणते बोलणे का वळवते हे जाणणे. लिसिअसच्या भाषणाची वाक्ये कोणत्याही क्रमाने लावली तरी चालतात, कारण ती कोणालाच उद्देशून नाहीत. समोरचा तरुण कोण आहे, त्याला काय व्हायचे आहे, याचा त्यांत मागमूसही नाही. प्रेम नसलेल्या माणसाने केलेले भाषण विस्कळीत असणे हा इथे योगायोग नाही. ज्याचे लक्षच समोरच्याकडे नाही, त्याला आपल्या भाषणाचे डोके कुठे आणि पाय कुठे हे कळायचे कसे? याउलट प्रेमिक समोरच्यात आपल्या देवाची मूर्ती पाहतो आणि ती घडवायला झटतो. आणि मग त्या तरुणाच्या मनातही, आरशात दिसावे तसे, प्रतिप्रेम उगवते, जरी त्याला ते ओळखता येत नाही. नेणारा आणि नेला जाणारा दोघेही बदलतात. लिसिअसच्या करारात कोणीच बदलत नाही. त्याची हमीच ती आहे.

लेखनावरच्या शेवटच्या भागाविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही थोडक्यात आटोपते घेतो. अक्षरांचा शोध लावणारा इजिप्तचा देव थ्यूथ आणि त्याच्या शोधाने स्मृती दुबळी होईल असे सांगणारा राजा थामुस. लिहिलेला शब्द चित्रासारखा, विचारले तर उत्तर न देणारा. आपल्याकडच्या नवरात्राच्या घटातल्या रुजवणाची आठवण व्हावी अशा, आठ दिवसांत तरारून मरणाऱ्या अडोनिसच्या बागा. देरिदांनी १९६८ साली यातल्या औषध आणि विष असे दोन्ही अर्थ असलेल्या एका ग्रीक शब्दावर दीर्घ निबंध लिहिला, आणि तेव्हापासून साहित्याच्या वर्गात 'फीड्रस' म्हणजे लेखनाची निंदा असे समीकरण बसले. पण सॉक्रेटिसची तक्रार शाईविषयी कमी आणि त्या गुंडाळीतल्या गैरहजर माणसाविषयी जास्त आहे. लिसिअसला प्रश्न विचारता येत नाही, कारण तो तिथे नाही. आणि तो तिथे असता तरी त्या भाषणात नव्हताच.

पूर्वार्धाच्या शेवटी सॉक्रेटिसने एरॉसची प्रार्थना करताना मागितले होते की, लिसिअसला अशा भाषणांपासून थांबव आणि त्याचा भाऊ पोलेमार्कस जसा वळला आहे तसा त्यालाही तत्त्वज्ञानाकडे वळव. निघण्यापूर्वी तो फीड्रसकडे लिसिअससाठी निरोपही देतो. निरोप पोचला की नाही, संवाद सांगत नाही. इतिहास मात्र पुढचे सांगतो. इ.स.पू. ४०४ साली स्पार्टाच्या पाठबळावर तीस जणांची राजवट आली आणि तिने श्रीमंत परकीय रहिवाशांवर हात टाकला. लिसिअस मागच्या दाराने निसटला. पोलेमार्कसला रस्त्यात पकडले, आरोपही न सांगता विष प्यायला लावले. कुटुंबाची तीन घरे होती, पण एकाही घरातून अंत्ययात्रा काढू दिली नाही. भाड्याच्या खोपटात त्याला ठेवले. कोणी मित्राने वस्त्र दिले, कोणी उशी. सातशे ढाली, एकशेवीस गुलाम, सोनेनाणे, सगळे नेल्यावरही पोलेमार्कसच्या बायकोच्या कानातली सोन्याची कर्णफुले ओढून घेतली. हे तपशील आपल्याला ठाऊक आहेत ते लिसिअसच्याच भाषणातून. लोकशाही परतल्यावर, ४०३च्या सुमारास, त्याने तीसांपैकी एराटोस्थेनीस याच्यावर आरोप केला, आणि परंपरा सांगते की आयुष्यभर इतरांसाठी लिहिणाऱ्या या माणसाने ते भाषण स्वतः उभे राहून केले. त्या भाषणात अलंकार जवळजवळ नाहीत. खटल्याचा निकाल आपल्यापर्यंत आलेला नाही. तीस वर्षांनी प्लेटोने फीड्रसच्या अंगवस्त्राखाली लिसिअसचे प्रेमाविरुद्धचे भाषण ठेवले, तेव्हा ते दुसरे भाषणही अथेन्समध्ये वाचले जात होते.